फरक: एकशे त्रेपन्न फूट

मीटरबाई रोज दुपारी चिखलात एका पुरुषाला भेटायला जाते, ही बातमी पत्र्याच्या वसाहतीत पहिल्यांदा कोणी आणली हे शेवटपर्यंत कळलं नाही. अशा बातमीला आईबाप नसतात, मावश्या मात्र फार असतात. सोनारणीने ती सहा नंबरच्या खोलीत सांगितली तेव्हा तिच्यात नुसताच एक पुरुष होता. सहा नंबरमधून नळापर्यंत पोचेतो त्याला मिशा फुटल्या. संध्याकाळच्या चहाच्या आत तो मोजणी खात्यात बदली होऊन आलेला विधुर कारकून झालेला होता. पुरावा काय, तर बाई जेवण उरकलं की गमबूट चढवते, बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मारते, वसाहत लवंडली की डोंगराची वाट धरते आणि चारच्या सुमारास गुडघ्यापर्यंत भरून, घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान घेऊन परत येते. चिखल आणि घाम बायकांनी चालवून घेतला असता. समाधानाने त्यांचं डोकं उठलं.

"अगं, केसांना तेल लावून जाते," सहा नंबरवाली म्हणाली.

"तेल ती सव्वीस वर्षं लावतेय," सोनारीण म्हणाली. "पण हल्ली ते चमकायला लागलंय."

मीटरबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती नळावर बादली भरत होती. तिने बादली भरू दिली, नळ बंद केला आणि एवढंच विचारलं, "मिशा कशा आहेत म्हणे? जाड की बारीक?" मग बादली उचलून चालती झाली. बाईला माणसांविषयी तिरस्कार होता हे खरंच आहे, पण तो तिने कष्टाने कमावलेला होता, कोणाचा उसना घेतलेला नव्हता.

सव्वीस वर्षं ती डोंगरउतारावरच्या घरांमधली विजेची मीटरं वाचत हिंडली. ज्याने हे काम केलेलं नाही त्याला माणसं कळली असं म्हणू नये. लोक पाहुण्याला बसायच्या खोलीत घेतात. मीटर असतं दाराच्या मागे, जिन्याखाली, किंवा त्या कोनाड्यात जिथे पाहुण्यापासून लपवायचं सगळं कोंबलेलं असतं. कोणाचा दमेकरी बाप त्या कोनाड्यात खाटेवर पडलेला असे, कोणाच्या सुनेचं रडणं तिथे चाललेलं असे. कोण पाण्याचा पेला पुढे करतं, कोण कुत्र्याला मुद्दाम बांधत नाही, कोण "उद्या या" म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून उद्या करतंय, हे सगळं तिच्या डोक्यात घरक्रमांकाप्रमाणे लागलेलं होतं. कामाचा एकच नियम ती देवासारखा पाळायची: घर बंद असलं तरी अंदाजे आकडा लिहायचा नाही. बाकीचे रीडर चहाच्या टपरीवर बसून पन्नास घरांचे अंदाज ठोकत. ही मात्र चौथ्यांदा चढ चढून जाई आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवी. लोक तिला कंटाळले होते. तीही लोकांना कंटाळली होती. पण आकडा बरोबर असे.

आपल्या सख्ख्या दिराचाही आकडा तिने बरोबरच लिहिला, आणि तिथेच घर फुटलं. दिराची पिठाची गिरणी. मीटरमध्ये त्याने काहीतरी हातचलाखी केलेली, ती हिच्या नजरेला पडली. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, "भावोजी, हे काढून टाका, मी परवा पुन्हा येते." हिने तिथेच उभं राहून नोंद केली आणि वर त्याच्याच पिठाच्या डब्यावर वही टेकवून केली. अकरा दिवस गिरणीची लाईन तुटली. दीर त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना. दोघांची घरं एका भिंतीची. तिचा रेडिओ मोठा झाला की तो भिंतीवर मूठ हाणायचा, त्याच्या घरात भांडण वाढलं की ती रेडिओ मोठा करायची. एवढाच त्यांचा पत्रव्यवहार. असं अकरा वर्षं चाललं. जाऊ तेवढी बोलायची, कारण तिला गप्प बसणं जमतच नसे.

पुढे आपले आकडे आपणच कळवणारी नवी मीटरं आली. खात्याने बाईला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी बसवलं. घड्याळ चार मिनिटं मागे पडायचं. ती ते दर सोमवारी खात्याला पत्र लिहून कळवत असे. पण महिन्याच्या ठरल्या तारखेला लोकांच्या दाराखालून कागद सरकवायची हाताला लागलेली सवय जाईना. म्हणून तिने स्वतःचा कागद काढला: एक पान, दोन्ही बाजू, स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स काढलेला, दर आठवड्याला दाराखालून आत. त्याला तिने काही भारदस्त नाव दिलं होतं. लोक त्याला 'बिल' म्हणत.

बिलात बातमी लिहायची तिची एकच रीत होती.

'नळाचं पाणी. मागील: दोन तास. चालू: पन्नास मिनिटं. फरक: एक तास दहा मिनिटं.'

'गुरुजींचं व्याख्यान. मागील: श्रोते चाळीस. चालू: अकरा, पैकी घरचे सात. फरक: गुरुजींनी काढावा.'

छापायच्या आदल्या शनिवारी ती अख्खं पान नळापाशी उभी राहून मोठ्याने वाचायची. ज्याला हरकत असेल त्याने तिथल्या तिथे बोलावं. तरीही चूक राहिलीच तर पुढच्या बिलात 'चुकीचं रीडिंग' असा मथळा, आणि अक्षर मूळ बातमीपेक्षा दुप्पट मोठं. लोकांना तिच्या बातम्यांत रस नव्हता, त्या त्यांना आधीच ठाऊक असत. त्यांना रस होता बाई चुकण्यात. शनिवारी नळाला गर्दी होई ती त्यासाठी.

मग डोंगर सुटला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते, धुकं होतं, आणि उतारावरच्या चाळीस घरांत चिटपाखरू नव्हतं. कारण गुरुजी आणि गिरणीवाला दीर यांचं कुंपणावरून जे भांडण होतं त्याची त्या दिवशी वरच्या कचेरीत सुनावणी होती आणि सगळी वस्ती ती बघायला लोटली होती. कोणी तापातून उठून आलं होतं, कोणी चुलीवरचं अर्धवट टाकून. म्हातारे खांद्यावर बसून आले. गुरुजी "सामाजिक सलोखा" असं म्हणत असतानाच गिरणीवाल्याने त्यांची छत्री हिसकली, आणि त्याच क्षणाला खालून आवाज आला. माणूस एकही गेलं नाही. जनावरं गेली, घरं गेली, पेरू-लिंबाच्या बागा गेल्या, सोनाराची तिजोरी गेली. माणसं वाचली ती कोणाच्या पुण्याईने नव्हे. दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळेल या आशेने वाचली. पुढे ज्यांनी ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांनी हा भाग गाळला.

दोन दिवसांनी धुकं उठलं. उताराचा नुसता तांबडा लगदा झालेला. पण लगद्याच्या मधोमध म्हातारी चिंच उभी! तीच खोडाची ढोली, तीच रस्त्याकडे कललेली फांदी. बाया रडल्या, बाप्ये टोप्या काढून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. बूट भरतील म्हणून तो रस्त्याच्या डांबरावरून खाली उतरला नाही. चिखलच बादलीत घालून त्याच्यापाशी न्यावा लागला. मग त्याने एकेकाला ओंजळीत चिखल धरून चिंचेकडे बघायला लावलं.

"थोडं वर बघा. दुःखी नको, निर्धार हवा," तो सांगत होता.

गुरुजींना निर्धार चांगला जमला. नऊ वर्षं जे आपला तुकडा कोणाच्या तरी गळ्यात मारू पाहत होते, मेव्हण्याच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये ज्यांची पेटी कधीच जाऊन पडली होती, ते म्हणाले, "ही माती नव्हे, आमच्या पूर्वजांचा श्वास आहे." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आणि मथळा: 'चिंचेने जागा सोडली नाही!' गुरुजींनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं आणि खिशात ठेवलं, जसे लोक ओळखपत्र ठेवतात.

वस्ती पत्र्याच्या खोल्यांत गेली. महिन्याने कचेरीची नोटीस चिकटली. उतारावरच्या चाळीस घरांनी साठ दिवसांत एकच नकाशा द्यावा, कोणाचा तुकडा कुठे, चाळीसही सह्या हव्यात. एक जरी सही कमी पडली तर सबंध उतार बेवारस समजून सरकारजमा होईल, तारेचं कुंपण पडेल, आणि वसाहतीतल्या पत्र्याच्या खोल्या याच तुमच्या कायमच्या.

आता सगळ्यांच्या जुन्या कागदांवर हद्द एकाच भाषेत लिहिलेली होती: चिंचेपासून वर इतकी पावलं, चिंचेपासून खाली इतकी पावलं. चिंच तर पेपरात छापून आलेली. मग काय, मीटरबाईने चाळीस घरांचे दावे गोळा करून बिलात छापायला घेतले. दावा सांगताना माणसाचं पाऊल लांब होतं, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. आधी फळीच्या रुंदीएवढं अंगण असलेल्याचं आता पटांगण झालेलं. तिने सरळ बेरीज छापली: 'उतार: नऊशे पावलं. दावे: चौदाशे पावलं. फरक: पाचशे पावलं. ही जागा कोणाच्या स्वप्नात असल्यास कळवावे.'

त्यावर चार शनिवार नळापाशी जे झालं त्याला चर्चा म्हणायचं तर म्हणा. एकमेकांच्या सासरच्यांपर्यंत विषय गेले. पण शेजाऱ्याची लबाडी शेजाऱ्यालाच ठाऊक असते, त्यामुळे एकाने दहा पावलं वाढवली की दुसरा ती तिथेच छाटायचा, आणि शेवटी चौदाशेची नऊशे झाली. नकाशा जुळत आला. बत्तीस घरं खूश. खूश कशी नसतील? चिंचेपासून मोजलं की त्यांचे तुकडे खालच्या बाजूला, रस्त्यालगतच्या गुळगुळीत सपाटीवर येत होते. मीटरबाईचा आणि दिराचा, जोडीने, ऐन रस्त्यावर.

राहिली तळाची आठ घरं. मोजणी करत खाली गेलं की ती थेट ओढ्याच्या पात्रात जात होती.

"ओढ्याने खाल्ली. निसर्गापुढे कोणाचं चालतं?" गुरुजी म्हणाले. "आठांनी मोठं मन करून सही करावी. त्याग करावा लागतो."

त्या आठांत विटा भाजणारी एक म्हातारी होती, सगळे तिला भट्टीवाली आजी म्हणत. ती त्याच संध्याकाळी मीटरबाईच्या चौदा नंबरच्या खोलीत आली आणि खाली बसायच्या आधीच सुरू झाली.

"बाई, ओढा सरकलाय का?"

"नाही आजी. ओढा खडकात आहे. तिथेच आहे."

"मग मला सांग, माझ्या दारापासून ओढ्यापर्यंत मी पन्नास वर्षं घागर वाहिली. वाटेत दोनदा टेकावी लागायची. आता हे म्हणतात माझं दार ओढ्यातच होतं. मग मेले मी घागर घेऊन जायचे कुठे? फिरायला?"

दुसऱ्या दिवशी मीटरबाई चिंचेपाशी गेली. सव्वीस वर्षं तिने साडेअकराला त्या चिंचेच्या बुंध्याशी, रस्त्याकडे पाठ करून डबा खाल्लेला होता. ती तशीच बसली, डबा उघडला, आणि घास हातातच राहिला. समोरच्या टेकडीवर पाण्याची टाकी. डबा खाताना तिला शाळेच्या छपरावरून ती टाकी दिसायची, तिच्यावरचा रंगवलेला आकडासुद्धा वाचता यायचा. आता शाळेचं छप्पर दिसत होतं. टाकी दिसत नव्हती. समोरची टेकडी हललेली नव्हती, शाळा हललेली नव्हती. राहता राहिली ती जिने जागा सोडली नाही म्हणून छापून आलं होतं, ती. मातीच्या एका भल्या थोरल्या ढेकळावर बसून, ढोलीसकट, फांदीसकट, म्हातारी उभ्याउभ्याच खाली घसरली होती.

ती जाऊबाईजवळ हे बोलली. चूकच केली.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" जाऊ म्हणाली. "आपलं दोघींचं रस्त्याला आलंय. चिंच वर सरकवलीत तर आपण जाऊ कड्याखालच्या धोंड्यांत. धोंडे खायचेत का?"

"चिंच मी नाही सरकवली."

"मग तुम्ही गप्प बसा. ती काय बोलणार आहे?"

गप्प बसणं बाईला जमलं असतं. वस्तीवर तिचं प्रेम ऊतू जात नव्हतं. गुरुजींसारख्यांना सरकारी कुंपणाबाहेर उभं पाहायला तिला आवडलंही असतं. पण टाकी दिसत नाही, हे काही रीडिंग नव्हे. तो अंदाज झाला. आणि चाळीस घरांचा नकाशा अंदाजावर छापायचा तर मग सव्वीस वर्षं चढ कशाला चढली? तिला खांब हवा होता.

चिंचेच्या वरच्या अंगाला विजेचा सदतीस नंबरचा खांब होता. एका खडूस इंजिनिअरने तो खडक फोडून सहा फूट खाली सिमेंटात पुरला होता आणि त्यापायी बोलणी खाल्ली होती. खांब मोडला असेल, पण त्याचं मूळ हलणार नाही, याची बाईला खात्री होती. दरवर्षी खांबापासून झाडाचं अंतर खात्याला लिहून द्यावं लागे. ते तिनेच लिहिलेलं: नऊ फूट. पस्तीस आणि छत्तीस नंबरचे खांब वर, न सुटलेल्या डोंगरावर अजून उभे होते. त्या दोघांची सरळ रेघ खाली वाढवायची, छत्तीसपासून दीडशे फूट मोजायचे, आणि खणायचं. ती मोजणी खात्यात खांबांचा नकाशा मागायला गेली. तिथल्या विधुर कारकुनाने जांभई दिली, "साहेब रजेवर आहेत" म्हणाला आणि अर्धा बिस्कीटपुडा पुढे केला. तिने बिस्कीट घेतलं नाही. पण ती आत गेलेली कोणीतरी पाहिली, आणि मिशा तिथून आल्या.

मग ती दुपारची जाऊ लागली. गोणपाटात असे शंभर फुटी फीत, फावडं आणि पाण्याची बाटली. ओल्या चिखलात रेघ सरळ धरणं म्हणजे हाल. पहिल्या आठवड्यात तीन खड्डे खणले. एकात दार निघालं, एकात शिवणयंत्र, एकात काहीच नाही. इकडे वसाहतीत खड्ड्यांचीही वर्दी लागली, आणि एक पक्ष म्हणू लागला की पुरुष वगैरे काही नाही, बाई सोनाराची तिजोरी शोधतेय. सोनारीण तेव्हापासून पुरुषाच्या बाजूने जास्तच हिरिरीने बोलू लागली, कारण तिजोरीत काय होतं यापेक्षा काय नव्हतं हे तिला ठाऊक होतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी शनिवार होता. नळापाशी चाळीस घरं जमली. कारण सोमवारी मुदत संपत होती आणि तळाच्या आठांच्या सह्या अडल्या होत्या. मीटरबाई पान घेऊन उभी राहिली.

"चुकीचं रीडिंग," तिने सुरुवात केली, आणि लोक पुढे सरसावले. आज बाई चुकली होती! "हे बिल गेले चार आठवडे चिंच जागेवर आहे असं धरून चाललं. ती चूक होती. सदतीस नंबरचा खांब ते चिंच. मागील: नऊ फूट. चालू: एकशे बासष्ट फूट. फरक: एकशे त्रेपन्न फूट, ओढ्याच्या दिशेने."

मग सगळे एकदम फुटले.

"चिंच काय बस आहे?"

"हिला तळाच्या लोकांनी फितवलंय!"

"बाई, दुपारचं ऊन लागलंय तुम्हाला. टोपी घालत जा, आणि एकटीने जात जाऊ नका... की एकटी नसताच?" यावर हशा झाला.

गुरुजींनी खिशातून मढवलेलं कात्रण काढलं आणि डोक्यावर धरलं. "हे काय आहे? छापील आहे हे! देशभर लोकांनी वाचलंय. 'चिंचेने जागा सोडली नाही.' पेपरवाले मूर्ख आहेत का?"

"तो डांबरावरून खाली उतरला नव्हता गुरुजी. चिखल तुम्ही बादलीने नेला होता."

"ते वर्तमानपत्र आहे, बाई. तुमचं बिल आहे!"

"बिलच आहे. म्हणून तर चुकलं की दुरुस्त करतं," बाई म्हणाली. "चला, दाखवते. बूट भरतील, ज्याला चालेल त्याने यावं."

दुसऱ्याची फजिती बघायची हौस डोंगर सुटला तरी सुटलेली नव्हती. सगळेच गेले. कंबरभर खड्ड्याच्या तळाशी सिमेंटचं कडं होतं, त्यात गुडघ्याएवढा मोडका लोखंडी खांब आणि त्याच्यावर पत्र्याची पट्टी. भट्टीवाली आजी खड्ड्यात उतरली, पदराने पट्टी पुसली आणि वर बघून म्हणाली, "मला वाचता येत नाही. गुरुजी, तुम्ही वाचा."

गुरुजींनी चष्मा शोधायला बराच वेळ लावला. मग म्हणाले, "सदतीस."

"मोठ्याने," आजी म्हणाली.

"सदतीस!" गुरुजी ओरडले, आणि लगेच त्यांना दुसरा मुद्दा सुचला. "पण अंतराचं काय? इथून चिंचेपर्यंत शंभर फुटी फीत एकटीने लावली? फितीला दोन टोकं असतात, बाई. दुसरं टोक कोणी धरलं?"

"चिखलाने," मीटरबाई म्हणाली.

पुन्हा हशा झाला, पण पातळ. तेवढ्यात मागून गिरणीवाला दीर पुढे आला. त्याच्या उजव्या अंगठ्याला आठवडाभर चिंधी बांधलेली होती. विचारलं की तो सांगे, गिरणीचा पट्टा लागला. गिरणी वीस फूट चिखलाखाली होती, पण वस्तीला एवढा विचार करायची सवय नव्हती. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. तो गुरुजींशी बोलला.

"या खांबावरून माझ्या गिरणीची लाईन. चिंचेच्या फांद्या तारेला लागायच्या, दरवर्षी मीच तोडायचो, याच खांबाला शिडी लावून. आता तिथून फांदी तोडायची तर शिडी केवढी लागेल, तुम्हीच सांगा. कुठाय कागद?"

"अहो, रस्ता जातोय आपला!" जाऊ मागून किंचाळली.

"गेला," तो म्हणाला आणि त्याने पहिली सही ठोकली. डाव्या हाताने.

खांबापासून मोजल्यावर तळाची आठ घरं ओढ्यातून बाहेर आली. आजीचं दार ओढ्यापासून बरोबर तेवढ्या अंतरावर आलं, जिथून घागर दोनदा टेकावी लागते. बाकीचे बत्तीस सपाटीवरून वर सरकले. कुरकुरत, एकमेकांना शिव्या देत, पण कुंपणापेक्षा धोंडे बरे म्हणून एकेकाने सही केली. एकोणचाळीस झाल्या. गुरुजींचा तुकडा कड्याखाली, सगळ्यात मोठ्या धोंड्याच्या पोटात आला होता. ते पेन हातात घेऊन आभाळाकडे बघत राहिले, फोटोत बघितलं होतं तसंच.

"करा, गुरुजी," भट्टीवाली आजी म्हणाली. "त्याग करावा लागतो."

त्यांनी केली.

सोमवारी नकाशा कचेरीत गेला आणि मंजूर झाला. पुढच्या पंधरा दिवसांत अशी परिस्थिती आली की चिंच सरकलेली नाही असं मानणारा एकही माणूस वसाहतीत सापडेना. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सहा नंबरवालीने तर तिला सरकताना पाहिलं होतं, धुक्यातून, कचेरीच्या खिडकीतून. शहरातला वार्ताहर पुन्हा आला, पुन्हा डांबरावर उभा राहिला, आणि छापलं की मातीशी नाळ असलेल्या एका निवृत्त शिक्षकाने पायाच्या स्पर्शाने जुनी हद्द ओळखली. फोटोत गुरुजी खड्ड्यात उभे होते. मीटरबाईने त्या वर्तमानपत्राला तीन ओळींचं पत्र टाकलं: मागील, चालू, फरक. उत्तर आलं नाही. तिने तेही बिलात छापलं. 'पत्रं: मागील एक, चालू चार. उत्तरं: शून्य.'

तिच्या वाट्याला धोंडेच आले. शेजारी दिराच्या वाट्यालाही. तिने धोंड्यांच्या फटीत भोपळ्याचा वेल लावला. दिराने मधली भिंत आधी बांधली, मग घर. भिंत एकच आहे, रेडिओ पुन्हा वाजतो, मूठ पुन्हा बसते. बोलणं नाहीच. बिल अजून निघतं आणि दाराखालून त्याच्याही घरात जातं.

मिशांची गोष्ट वस्तीत अजून चालते. विधुर कारकुनाची बदली झाली तेव्हा सोनारणीने दोन दिवस मीटरबाईच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवलं होतं. तिथे काही सापडलं नाही, म्हणून तिने ते आणखीच संशयास्पद ठरवलं.

पुरुष होता. तो तिचा दीर होता. ती खणायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तो पहार घेऊन आला, फितीचं दुसरं टोक उचललं आणि पुढे बावीस दुपारी धरलं. फीत एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की पुढे. दोघं एक शब्दही बोलले नाहीत.